ओरखडा पडला तरी आवाज टिकतो तो कसा?

चिंचणीसारख्या समुद्रकाठच्या गावात कपाटं उघडली की जुन्या सीडी निघतात. कुणाच्या निकाहचा खुतबा, कुणाच्या मरहूम दादांची तिलावत. वर ओरखडे दिसले की घरचे त्या टाकायला काढतात. जरा थांबा.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८२ मध्ये बाजारात आणलेली ही तबकडी चुका होणारच, असं गृहीत धरून बनवलेली आहे. आवाजाच्या दर २४ आकड्यांमागे ८ जादा आकडे लिहिलेले असतात. किराण्याच्या बिलावरची एक रक्कम पुसली, तरी एकूण बेरजेवरून ती काढता येते ना, तसंच. फक्त हिशोब अवघड. तो आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडला.

पण ओरखडा सलग हजारो खुणा खातो. म्हणून शेजारचे आकडे तबकडीवर दूरदूर विखरून लिहितात. वाचताना ते जागेवर आले की प्रत्येक ओळीत एखाद-दुसराच गहाळ असतो. सुमारे अडीच मिलिमीटरची सलग इजा अशी पूर्ण भरून निघते.

म्हणूनच सीडी मधून काठाकडे पुसावी, गोल गोल नाही. गोल ओरखडा नोंदीच्या वाटेनेच धावतो. छापील बाजू तर अधिक जपा, चकाकता थर तिच्या लगेच खाली असतो.

घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि दमट हवेने खराब होतो. दुरुस्ती आतल्या आत चालते, त्यामुळे बिघाड बरेच दिवस कानाला कळतच नाही. वाजते आहे तोवरच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.