दोनशे मिलिसेकंदांची वेस

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळूखालून काही केबल समुद्रात शिरतात. खोल पाण्यात यांतल्या एकेकीची जाडी बागेला पाणी घालायच्या नळीएवढीच असते. गाभ्यात काचेचे तंतू, मिलिमीटरच्या आठव्या भागाइतके बारीक. दर साठ-ऐंशी किलोमीटरवर थकलेल्या प्रकाशाला पुन्हा जोर देणारं एक यंत्र समुद्रतळावर पडलेलं असतं आणि त्याला वीज जाते ती थेट किनाऱ्यावरून. पुण्यात बसलेली एखादी अभियंता न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याला ‘स्क्रीन दिसतेय का?’ असं विचारते, तेव्हा तिचा प्रश्न या अंधारातून प्रकाश होऊन धावत असतो.

किती वेगानं? निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, काचेत सुमारे दोन लाख. मुंबई ते न्यूयॉर्क हे पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन पंचवीस हजार. भागाकार केला की उत्तर येतं सव्वाशे मिलिसेकंद. काचेतून जायचं तर याच्या खाली कोणालाही उतरता येणार नाही, कितीही पैसा ओता. प्रत्यक्षात केबल तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी वळसे घेत जाते, त्यामुळे फेरी साधारण दोनशे मिलिसेकंदांवर जाते. आवाजाचं आकड्यांत रूपांतर करून पुन्हा त्याचा आवाज करायला लागणारा वेळ आणखी वेगळा.

आता दुसरा आकडा ऐका. नायमेखेन इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2009 मध्ये दहा भाषांतल्या रोजच्या गप्पा मोजल्या. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत मध्ये किती वेळ जातो, हे त्यांना पाहायचं होतं. जपानी माणसं सर्वांत चपळ, डॅनिश जरा सावकाश, पण सगळ्यांची सरासरी जवळपास दोनशे मिलिसेकंदच निघाली! माणसाच्या बोलण्याची लय आणि पृथ्वीचा घेर यांचे आकडे असे समोरासमोर येऊन उभे राहतात, हे मला फार विलक्षण वाटतं. समोरासमोरच्या गप्पांत जेवढी उसंत पुरते, तेवढी तर इथे नुसत्या प्रवासातच संपते. म्हणून परदेशी कॉलवर दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ होतं. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आवाज उशिरा पोचू लागला की ऐकणाऱ्याला समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटू लागतो. तारेतला उशीर माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतो.

मग जगभर पांगलेली माणसं एकत्र काम करतात तरी कशी? याचं सर्वांत सुंदर उत्तर व्हिडिओ कॉल सर्रास होण्याच्या आधीच सापडलं होतं, ते लिनक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्या लोकांना. 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं सुरू केलेलं हे काम ईमेलवर वाढलं. हजारो माणसं, बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. एप्रिल 2005 मध्ये त्यानं त्यासाठी ‘गिट’ हे साधन काही दिवसांतच उभं केलं. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर प्रकल्पाचा सगळा इतिहास असतो, फक्त आजची प्रत नव्हे. प्रत्येक बदलाला त्याच्या मजकुरातूनच गणितानं काढलेली चाळीस अक्षरी खूण मिळते आणि त्या हिशेबात आधीच्या बदलाची खूणही धरलेली असते. जुन्या नोंदीतलं एक अक्षर हलवलं तरी पुढची सगळी साखळी बदलते, लबाडी उघडी पडते. त्यामुळे मध्यवर्ती कचेरी लागत नाही, एका वेळी जागं राहावं लागत नाही. कोणी केलं, कधी केलं, का केलं, ते तिथेच लिहिलेलं.

याच साधनाभोवती युक्रेनच्या दिमित्रो झापोरोझेत्सनं 2011 मध्ये ‘गिटलॅब’ बांधायला घेतलं. तेव्हा त्याच्या घरात नळ नव्हता, पाणी विहिरीवरून आणावं लागे. पुढे नेदरलँड्सचा सिड सायब्रांडी त्याला येऊन मिळाला. त्यांची कंपनी वाढली, ऑक्टोबर 2021 मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली आणि तेव्हाही तिला मुख्य कचेरीच नव्हती. कामाच्या रीती, पगाराची सूत्रं, बैठका कशा घ्यायच्या, सगळं एका हस्तपुस्तिकेत, आणि तिचा बहुतेक भाग जगाला खुला. दूरस्थ कामाचं भविष्य मला दिसतं ते अशा लिहिण्यात. आणखी स्पष्ट कॅमेऱ्याची वाट पाहण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

घड्याळाचं गणितही हेच सांगतं. भारतात वर्षभर एकच वेळ. अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेते आणि पुण्यातली साडेआठची बैठक रात्री साडेनऊची होते. तो तास जेवणाचा, मुलांचा, आईवडिलांशी बोलायचा असतो. दर वेळी तो इकडच्यांनीच का द्यायचा? चांगल्या गटांत ही गैरसोय पाळीपाळीनं वाटून घेतात आणि जे लिहून भागतं त्यासाठी बैठक बोलावतच नाहीत.

नेमणुकीत मात्र प्रकाशाच्या वेगाचा काही उपयोग नाही. माणूस जिथे बसून काम करतो, तिथला कायदा त्याला धरून असतो. डेन्मार्कच्या लहानशा कंपनीला नाशिकची अभियंता हवी असेल तर तीन वाटा आहेत. भारतात स्वतःची कंपनी नोंदवायची. तिला कंत्राटदार म्हणून घ्यायचं. किंवा ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणतात तशी भारतातली मधली कंपनी गाठायची. तिसऱ्या वाटेत कागदोपत्री मालक ती भारतीय कंपनी, पगार आणि पीएफ तीच भरते, काम डेन्मार्कचं. कंत्राटाचा परकीय चलनातला आकडा डोळ्यांत भरतो, पण त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, पगारी प्रसूती रजा नाही. हा सगळा हिशेब मांडल्याशिवाय कोणी सही करू नये.

लिहिण्यावर चालणाऱ्या गटाचा सर्वांत मोठा फायदा मात्र मला वेगळाच वाटतो. नांदेडमध्ये शिकलेल्या मुलीला भरभर इंग्रजी बोलणाऱ्या सहा जणांच्या कॉलवर तोंड उघडायला जागा मिळत नाही. तीच मुलगी तासभर विचार करून असं टिपण लिहू शकते की सगळे थांबून वाचतील. वर्डप्रेसशी जोडलेल्या ‘ऑटोमॅटिक’ कंपनीचे मॅट मुलेनवेग यांनी 2014 मध्येच आपली निवडपद्धत जाहीर लिहिली होती: मुलाखत लेखी चॅटवर, आणि काही आठवडे खऱ्या कामाची चाचणी, तासाचे पैसे देऊन. आवाज नाही, चेहरा नाही, उच्चार नाही. समोर येतं ते काम, आणि ते का केलं याचं उमेदवारानं लिहिलेलं कारण.