आधी फांद्या, मग खोड

पॉलिमर म्हणजे लहान रेणू, म्हणजेच मोनोमर, एकापुढे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. ती सरळ आहे की तिला फांद्या फुटल्या आहेत, यावर पदार्थाचा स्वभाव पुष्कळसा ठरतो. फांद्या असलेल्या पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना खेटून बसू शकत नाहीत, म्हणून त्याची पिशवी मऊ राहते आणि ते साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळते. जवळजवळ सरळ साखळ्यांचे पॉलिथिलीन दाट आणि टणक असते. त्याला वितळायला १३० अंशांच्या आसपास तापवावे लागते. दोन्हींतला कच्चा माल एकच, इथिलीन वायू.

पिशवीतल्या या फांद्या मात्र कोणी ठरवून लावलेल्या नसतात. प्रचंड दाबाखाली साखळी वाढत असताना तिचे टोक मागे वळते, स्वतःच्याच अंगातला एखादा हायड्रोजन ओढून घेते आणि त्या जागी फांदी फुटते. कुठे फुटेल, केवढी होईल, याचा नेम नाही. फांद्यांची लांबी आणि संख्या हुकमी हवी असेल तर क्रम उलटा करावा लागतो : फांद्या आधी वेगळ्या तयार करायच्या, त्यांच्या एका टोकाला अभिक्रिया करू शकणारा गट बसवायचा आणि मग त्या एकत्र जोडायच्या.

त्यासाठी जवळजवळ सारख्या लांबीच्या साखळ्या लागतात. त्यांची वाट १९५६ साली मोकळी झाली. अमेरिकेत सिरॅक्यूज येथे मायकेल श्वार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टायरीनच्या अशा साखळ्या बनवल्या, की स्टायरीन संपले तरी त्यांची टोके निष्क्रिय होत नसत. हवा आणि ओलावा आत शिरू दिला नाही, तर नारिंगी-लाल द्रावणातल्या या ‘जिवंत’ साखळ्या आणखी स्टायरीन घातले की पुन्हा वाढू लागत. किती सुरुवात-रेणूंमागे किती स्टायरीन, या हिशेबावर लांबी ठरू लागली. त्या सहकाऱ्यांतल्या राल्फ मिल्कोविच यांनी १९७०च्या दशकात पुढचे पाऊल टाकले. जिवंत टोकाला त्यांनी आधी इथिलीन ऑक्साइड जोडून त्याचा तापटपणा कमी केला आणि मग मेथॅक्रिलेटचा दुहेरी बंध बसवला. आता ती अख्खी साखळीच एखाद्या साध्या मोनोमरसारखी दुसऱ्या साखळीत ओवता येऊ लागली. अशा साखळीला मॅक्रोमोनोमर म्हणतात.

तयार फांद्या दुसऱ्याही रीतीने वापरता येतात. तयार खोडावर, म्हणजे मुख्य साखळीवर, त्या नंतर चिकटवता येतात; पण आधी लागलेल्या फांद्या पुढच्यांची वाट अडवतात आणि बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. किंवा चार जिवंत साखळ्या सिलिकॉन टेट्राक्लोराइडच्या एका रेणूशी जोडल्या, की चार हातांचा तारा होतो. मॅक्रोमोनोमरच्या वाटेने गेले तर ओवल्या जाणाऱ्या प्रत्येक दुव्याबरोबर एक फांदी येतेच, आणि मध्येमध्ये लहान मोनोमर घालून फांद्यांमधले अंतर राखता येते. याची किंमतही आहे. अवजड साखळ्यांची क्रियाशील टोके द्रावणात विरळ असतात, त्यामुळे अभिक्रिया मंदावते. शेवटी उरलेल्या सुट्या साखळ्या वेगळ्या काढणे तर डोकेदुखीच, कारण त्या तयार मालाच्याच जातीच्या असतात.

मॅक्रोमोनोमरचा सर्वांत मोठा खप प्रयोगशाळेपासून फार दूर, काँक्रीटमध्ये आहे. पाण्यात सिमेंटचे कण गोळा होऊन बसतात. काँक्रीट ओतण्याजोगे व्हावे म्हणून जादा पाणी घातले, तर ते नंतर सुकून पोकळ्या सोडते आणि मजबुती घटते. १९६०च्या दशकातली नॅफ्थॅलीनवर आधारित रसायने मुख्यतः विद्युतभाराच्या जोरावर कण दूर ठेवत. १९८०च्या दशकात जपानमध्ये पॉलिकार्बॉक्सिलेट आले. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळीला एका टोकाशी मेथॅक्रिलेट जोडायचे आणि हा मॅक्रोमोनोमर पाण्यातच मेथॅक्रिलिक आम्लाबरोबर ओवायचा, ही ते बनवण्याची एक प्रमुख रीत. तयार होतो तो कंगव्याच्या आकाराचा रेणू. ऋणभारित खोड सिमेंटच्या कणाला धरून राहते आणि पाणी आवडणारे दाते बाहेर पसरून शेजारच्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. पाणी तीस टक्क्यांपर्यंत कमी करूनही मिश्रण वाहते राहते. दुबईच्या बुर्ज खलिफाचे काँक्रीट पंपाने ६०० मीटरच्या वर चढवता आले, त्यात या जातीच्या रसायनाचा वाटा होता.

दात्यांची लांबी आणि दाटी हे इथे खरे हत्यार आहे. दाते विरळ ठेवले तर खोडाचा भार मोकळा राहून रेणू सिमेंटला चटकन चिकटतो आणि पाण्याची बचत वाढते. दाते दाट असले तर तो सावकाश चिकटतो, म्हणून काँक्रीटचा वाहतेपणा जास्त वेळ टिकतो. लांबून ट्रकने येणाऱ्या मालाला हेच हवे असते. मात्र वाळूत माती असेल तर हे सारे गणित बिघडते. दख्खनच्या काळ्या जमिनीला पावसात फुगवणारे आणि उन्हाळ्यात भेगा पाडणारे माँटमोरिलोनाइट हे खनिज थरांचे बनलेले असते. ग्लायकॉलचे दाते त्या थरांच्या फटींत शिरून अडकतात आणि सिमेंटच्या वाट्याला रसायन उरत नाही. मग मात्रा वाढवावी लागते, नाहीतर वाळू धुऊन घ्यावी लागते.