समुद्रातल्या गायरानाची मोजणी



आपल्या चाकण भागात समुद्र नाही. इंद्रायणी आहे, भामा आहे आणि कंपन्या आहेत. तरी मी समुद्रातल्या गवतावर लिहिणार आहे, कारण त्याचं आणि आपल्या गायरानाचं दुखणं एकच आहे.

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळे नसतात. समुद्रगवताला मुळे असतात, फुले येतात आणि बीसुद्धा धरते. ते खाऱ्या पाण्याखाली वाळूत किंवा चिखलात वाढते. लहान मासे आणि कोळंबी त्यात लपून मोठी होतात. डुगाँग नावाचा एक मोठा प्राणी तर मुख्यतः हेच गवत खाऊन जगतो. त्याला समुद्री गाय म्हणतात. तो मासा नाही. तो पिलाला दूध पाजतो आणि श्वास घ्यायला पाण्यावर येतो. तमिळनाडूत पाल्कच्या उपसागरात २०२२ साली त्याच्यासाठी ४४८ चौरस किलोमीटर समुद्र राखून ठेवला आहे. दादाने आणि मी त्याचे एकर केले. सुमारे १ लाख १० हजार एकर झाले! एवढं रान तर आमच्या आजोबांनीपण बघितलेलं नाही.

आता एवढ्या पाण्याखाली गवत नेमके कुठे आहे, हे कसे बघायचे? शेतात मोजणीदार येतो आणि खुणा करतो. समुद्रात खुंटी कुठे ठोकणार? पाणी उथळ आणि नितळ असले तर उपग्रहाने काढलेल्या फोटोत गवत दिसते. पण पाणी खोल किंवा गढूळ असले की फोटोत काही समजत नाही. तिथे आवाज कामाला येतो. त्या यंत्राला सोनार म्हणतात. (दागिने घडवणारे सोनार वेगळे!)

बोटीच्या तळाला हे यंत्र लावतात. ते खाली आवाज सोडते. तो इतका बारीक असतो की आपल्या कानाला ऐकूच येत नाही. आवाज तळाला आपटतो आणि परत येतो. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो ना, तसंच. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईची सोनोग्राफी केली होती, तीसुद्धा अशाच न ऐकू येणाऱ्या आवाजाने. वटवाघूळ अंधारात याच युक्तीने उडते.

पाण्यात आवाज एका सेकंदात साधारण १५०० मीटर जातो. हवेत तो ३४० मीटरच जातो. आता गणित करू. समजा बोटीखाली ६ मीटर पाणी आहे. आवाज ६ मीटर गेला आणि ६ मीटर परत आला, म्हणजे १२ मीटर. त्याला सेकंदाच्या हजार भागांतले ८ भाग लागले. पण त्याच्या आधीच, ७ भाग झाले तेव्हा एक छोटा आवाज परत आला. तो गवताच्या शेंड्यावरून आला! एका भागात आवाज दीड मीटर जातो. त्यात जाणे आणि येणे दोन्ही आले, म्हणून निम्मे करायचे. गवताची उंची ७५ सेंटिमीटर. पाण्यात हात न घालता उंची कळली. मला हे गणित फार आवडले.

पण पान तर मऊ असते, मग त्यावरून आवाज परत कसा येतो? त्या पानांच्या आत हवेच्या बारीक नळ्या असतात. कांद्याची पात पोकळ असते तशी मोठी पोकळी नाही, अगदी बारीक. पाण्यातून आलेला आवाज हवा लागली की मागे फिरतो.

बोट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाते, नांगर धरल्यासारखी, तासाला तास लावून. जागा उपग्रहावरून कळते. सगळे तास जोडले की नकाशा तयार होतो. मग पाणबुडे काही ठिकाणी उतरून बघतात, कारण यंत्राला खडक, चिखल आणि गवत यांत गोंधळ होऊ शकतो. धरणात गाळ किती साचला तेही असंच आवाजाने मोजतात.

सगळीकडे हे यंत्र लागत नाही. गोव्यात मांडवीच्या खाडीत हॅलोफिला नावाचे इवलेसे गवत सापडले आहे. त्याचे पान नखाएवढे. ते सोनारला चिखलापासून वेगळे ओळखणे कठीण. पण ते ओहोटीला उघडे पडते, तेव्हा चालत जाऊन बघता येते. चिखलात पाय रुततील, एवढंच!

आता गायरानाचं सांगते. आमच्या गायरानाचा सात-बारा आहे. आजोबा म्हणतात, पूर्वी माळावर गावाची सगळी गुरं चरायची. आता माळावर गोदामं आली आणि गुरांना गायरानच उरलं. मोजणी झाली तेव्हा कळलं, की कुणाचं तरी कुंपण पाच हात आत आलंय. कागद होता म्हणून विचारता आलं. समुद्रातल्या गवताला सात-बारा नाही. तळाला घासत जाणारी मोठी जाळी ते मुळासकट उपटतात, आणि वरून पाणी आहे तसंच निळं दिसतं. एकदा नकाशा केला आणि काही वर्षांनी पुन्हा केला, तर दोन्ही शेजारी ठेवून किती गेलं ते दाखवता येतं.

शेजारचे चित्र मी काढले आहे. हिरवे ते गवत, पिवळी ती वाळू, मधे समुद्री गाय. हिरव्यातून जी लांब पांढरी रेघ गेली आहे ती खोडलेली नाही. तिथून जाळे ओढून नेले आहे.

— इयत्ता ४ थी