स्वेच्छानिवृत्ती : छंद व समाजकार्याची पूर्वतयारी

जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असलेल्या राज्य कर्मचाऱ्यास २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर ३ महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. परंतु मोकळा वेळ आपोआप सार्थकी लागत नाही. या संदर्भात फर्ग्युसन महाविद्यालयातील दोन प्राध्यापकांची उदाहरणे उद्बोधक आहेत. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी निवृत्त झाले. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये निवृत्त झाले; १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. मात्र गोखले १८९० मध्येच सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले होते आणि कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा होता. म्हणजेच, निवृत्तीनंतरच्या कार्याचे बीज अध्यापनकाळातच पेरले गेले होते. संगीत, बागकाम यांसारख्या छंदांनाही हाच न्याय लागू पडतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी निवडलेल्या कामाला आठवड्यातील काही तास नियमितपणे देऊन पाहणे, हीच खरी पूर्वतयारी होय.