न उघडलेलं इंजिन

कोल्हापुरातून गारगोटीला जाणारा रस्ता कळंब्यावरून जातो. वाटेत शासकीय आयटीआय, मध्यवर्ती कारागृह आणि तलाव. तुरुंग आणि तलाव सगळ्यांना ठाऊक आहेत. या लेखाचं काम मात्र आयटीआयशी, कारण पान्याशी अनेकांची पहिली ओळख तिथे होते. हाच रस्ता पुढे डोंगराळ मुलखाकडे वळतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात तांबडे सपाट सडे आहेत आणि त्यांच्या जांभ्याच्या थरात बॉक्साइट. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या खाणीतून हे बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला जायचं. आधी कारखाना इंडालचा, मग हिंडाल्कोचा. सड्यावर खणायला पोकलेन आणि वाहायला टिपर. विदर्भातल्या कोळशाच्या उघड्या खाणींत हेच काम ६० आणि १०० टनी डंपर करतात. यंत्र लहान असो वा मोठं, ते बंद पडतं. आणि बंद पडण्याआधी काय करायचं, याचं एक शास्त्र आहे.

कोल्हापूरला दुरुस्तीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला. शेतीची ऑइल इंजिनं इथे बनली, उद्यमनगर उभं राहिलं. ‘काय पण बिघडू दे, मिस्त्री चालू करून देतोय,’ हा भरवसा या गावाच्या स्वभावात मुरलेला आहे. खाणीतही असा मिस्त्री सगळ्यांचा लाडका असतो. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात त्यानं डंपर सुरू केला की शिफ्ट इन्चार्ज त्याला चहा पाजतो, साहेब सकाळी नाव घेतात. माझं म्हणणं एवढंच, की ज्या खाणीत असा पराक्रम रोज लागतो, तिथलं मेंटेनन्स आजारी आहे. आणि ज्यानं तो डंपर मुळात बंदच पडू दिला नाही, त्याचं नाव कुणी घेत नाही. न झालेल्या ब्रेकडाऊनची नोंद करायला लॉगबुकात रकानाच नसतो.

खाणीत एकटं यंत्र कधीच बंद पडत नाही. शॉवेलचा एक होज फुटला की त्याच्या मागचे पाच डंपर रांगेत उभे. चढावर डंपर अडकला तर अख्खा रस्ता अडतो. म्हणून ‘डंपर किती वेळा बिघडला’ यापेक्षा ‘बिघडल्यावर काय काय थांबलं’ हा प्रश्न आधी येतो. माणसाच्या जिवावर बेतणारा बिघाड, उत्पादन थांबवणारा बिघाड आणि नुसता खर्च वाढवणारा बिघाड यांना एकाच मापानं मोजून चालत नाही. डंपरचे ब्रेक आणि केबिनमधला पंखा एकाच सर्व्हिस शीटवर, सारख्याच टिक-मार्कात असतात, तेव्हा हा विचार झालेला नाही हे ओळखावं.

बिघाडाची कुणकुण आधी कशी लागते, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे तेल. इंजिन गरम असताना, ठरलेल्या एकाच जागेवरून, फिल्टरच्या अलीकडून बाटलीभर तेल काढायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे दशलक्षात किती भाग कोणता धातू, हे कळतं. लोह वाढलं तर लायनर किंवा गिअर झिजतोय. तांबं वाढलं तर बुश, बेअरिंग. सोडियम दिसलं तर कूलंट तेलात उतरतंय. सिलिकॉन दिसलं तर धूळ आत जातेय, म्हणजे एअर क्लीनर किंवा त्याची क्लिप तपासा. दहा मिनिटांचं काम, पण न केल्यास इंजिन जातं. बॉक्साइटच्या खाणीत मात्र एक गुंता आहे. इतरत्र ॲल्युमिनियम वाढलं की पिस्टनवर संशय जातो. इथे धुळीतच ॲल्युमिनियम भरपूर. लोह आणि क्रोमियमही सोबत चढलंय का, आधीच्या नमुन्यांत काय होतं, फिल्टर कधी बदलला, हे सगळं पाहिल्याशिवाय पिस्टनला दोष देता येत नाही. पुस्तकातला तक्ता जसाच्या तसा सड्यावर चालत नाही, तो असा.

नमुना किती तासांनी घ्यायचा? समजा, पहिली कुणकुण लागल्यापासून गिअर मोडेपर्यंत ५०० तास मिळतात. मग १००० तासांनी तपासणारा माणूस निम्म्या वेळा मोडलेलाच गिअर पाहणार. २५० तासांनी तपासलं तर पार्ट मागवायला, रविवारचा शटडाऊन ठरवायला वेळ उरतो. तपासणीचं अंतर यंत्राच्या वयावर ठरत नाही; बिघाड किती वेळ सूचना देतो त्यावर ठरतं. हा मुद्दा पटायला अवघड जातो, कारण आपल्याला वयाची सवय आहे. एवढे तास झाले, उघडा आता इंजिन.

ही सवय विमानवाल्यांनी आधी मोडली. बोइंग ७४७ साठी १९६८ साली देखभालीची नवी पद्धत आखली गेली. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी १९७८ साली अहवाल लिहिला, त्यात विमानाच्या भागांचा हिशेब आहे: वयाबरोबर बिघाड वाढतो असे भाग जेमतेम ११ टक्के. तब्बल ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता सगळ्यात जास्त कधी, तर नवा बसवल्या बसवल्या. म्हणजे चांगलं चाललेलं उघडून पुन्हा बसवणं हाच एक धोका. जुन्या डीसी-८ विमानात ठरावीक मुदतीनं ओव्हरहॉल करायचे ३३९ भाग होते. नंतरच्या डीसी-१० मध्ये उरले ७. आणि विमानं पडायला लागली नाहीत. ऐंशीच्या दशकात जॉन मोब्रे यांनी हा विचार दक्षिण आफ्रिकेतल्या खाणी-कारखान्यांत नेला.

पण ११ टक्क्यांचा मंत्र करून खाणीत जपणाऱ्यांशी माझं जमत नाही. विमान दगड खात नाही. बकेटचे दात, पिन-बुश, टायर, क्रशरच्या जॉ प्लेट या गोष्टी तासागणिक, टनागणिक झिजतातच. त्यांना वय आहे, आणि ते मोजून बदलणंच शहाणपणाचं. खाणीच्या कायद्यात तर दोन्ही विचार शेजारी शेजारी नांदतात. भंडाऱ्याचं चिकला किंवा नागपूर जिल्ह्यातलं गुमगाव, मॉइल या सरकारी कंपनीच्या या भूमिगत मँगनीज खाणी १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्सखाली येतात. माणसं खाली-वर नेणाऱ्या दोराचं टोक दर सहा महिन्यांनी कापून नव्यानं बांधायचं, ही मुदतबंदी. पण कापलेला तुकडा फेकायचा नाही. उकलून आतल्या तारा गंजल्या का, तुटल्या का ते पाहायचं, ही तपासणी. ज्यानं हा नियम लिहिला त्याला दोराचं मन कळलेलं होतं.

उभं यंत्रही बिघडतं. घाटमाथ्यावर आणि गोव्यात पावसाळ्यात खाणकाम थंडावतं, आणि मोठी दुरुस्ती तेव्हाच उरकतात. सोय आहे, पण त्याच चार महिन्यांत सील वाळतात, बॅटऱ्या बसतात, टायर एका बाजूला दबतात, टाकीत पाणी साचतं. गोव्यातलं लोहखनिजाचं खाणकाम २०१२ साली थांबलं, आणि मधे सुरू होऊन २०१८ च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा बंद झालं. अशा वेळी आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून गाडी थोडी हलवणाऱ्याला लोक हसतात. बेअरिंगमधली गोळी एकाच जागी महिनोन्महिने बसून खाच पाडते, हे त्याला माहीत असतं.

कोळशाच्या सरकारी खाणींत कोल इंडियाच्या सीएमपीडीआय या नियोजन संस्थेची मानकं लागतात: डंपर ६७ टक्के वेळ उपलब्ध हवा आणि ५० टक्के वेळ प्रत्यक्ष चालायला हवा, शॉवेलसाठी ८० आणि ५८. आकडे उपयोगी, पण फसवेही. तीन तासांचा ठरवून केलेला शटडाऊन आणि तीन तासांचा अचानक ब्रेकडाऊन उपलब्धतेच्या टक्केवारीत सारखेच दिसतात. पहिल्यात पार्ट आणि माणूस तयार असतात. दुसऱ्यात पार्टसाठी गाडी धावते आणि पाच डंपर रांगेत.

आणि काही गोष्टी मोडू द्याव्यात. कोल्हापूरजवळ टोप, शियेच्या बाजूला दगडखाणी आहेत, खडी पाडणारे क्रशर आहेत. जॉ क्रशरमध्ये टॉगल प्लेट नावाचा एक लोखंडी तुकडा असतो, मुद्दाम कमजोर ठेवलेला. दगडात पोकलेनचा दात आला की तोच आधी तुटतो, शाफ्ट वाचतो. सारखा तुटतोय म्हणून वैतागून त्यावर जाड पट्टी वेल्ड करणारा मिस्त्री हुशार असतो, कष्टाळूही असतो. पुढच्या वेळी तडा बॉडीला जातो. टॉगल दोन आणून रॅकवर ठेवावेत, आणि तुटला की तारखेसोबत जबड्यात काय सापडलं तेही रजिस्टरात लिहावं. तीन नोंदींत पोकलेनचा दात निघाला, तर दुरुस्ती क्रशरची नाही, पोकलेनच्या पिनांची करायची आहे.