भीमगीतांच्या तबकड्या आणि परवडणारी सुई

आपल्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी अजून भीमगीतांच्या तबकड्या निघतात. कुठे प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली सात इंची ईपी, कुठे त्याहून जुनी ७८ फेऱ्यांची जड तबकडी. अलीकडे तरुण मंडळी जुना रेकॉर्ड प्लेअर शोधून आणतात आणि आम्हाला विचारतात, यात कार्ट्रिज कोणते बसवावे? खिशाला परवडेल असे सांगा.

सांगण्याचा हक्क आम्ही नुकसान सोसून मिळवला आहे. वडिलांनी गिरणीच्या बोनसमधून घेतलेली एक ईपी आम्ही जुन्या बाजारातून आणलेल्या प्लेअरवर, त्यात होती त्याच सुईने, १४ एप्रिलला दिवसभर वाजवली. संध्याकाळपर्यंत पहिल्या अंतऱ्यावर खरखर बसली. सुई झिजलेली होती. झिजलेली सुई तबकडीच्या चरांवर रंध्यासारखी चालते आणि एकदा तासला गेलेला आवाज परत येत नाही. तेव्हा प्लेअर जुना घ्या, स्पीकर जुने घ्या, पण सुई नवीच घ्या.

दुकानात जाण्याआधी आपल्या प्लेअरची जात ओळखावी. एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीवजा घरगुती प्लेअरला बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. त्यातून निघणारा विद्युतदाब मोठा असतो, म्हणून साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालते. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. त्याला वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. फिएस्टात कोणी हौसेने मॅग्नेटिक बसवले तर आवाज मुंगीएवढा येईल आणि दुकानदाराशी भांडण होईल. अशा प्लेअरला त्याच जातीची नवी सिरॅमिक सुई शोधावी. खर्च कमी, डोकेदुखीही कमी.

आर्मच्या मागे फिरवण्याचे वजन असेल आणि पुढे अर्ध्या इंचावर दोन स्क्रू असतील, तर मॅग्नेटिकचा विचार करावा. आमची पसंती ऑडिओ-टेक्निकाच्या एटी ३६०० एल या साध्या गोल टोकाच्या कार्ट्रिजला. मॅग्नेटिकमध्ये स्वस्तातले म्हणून ते ओळखले जाते. ते सुमारे तीन ग्रॅम दाबावर चालते आणि जुन्या जड आर्मला तेच मानवते. महागडी नाजूक सुई अशा आर्मवर उड्या मारते. शिवाय आपल्या तबकड्या वस्तीत, लग्नात, जयंतीत वाजून झिजलेल्या. बारीक टोकाच्या सुईला त्यांतले ओरखडेच जास्त ऐकू येतात. (दुकानदार महागडे दाखवील. दाखवू द्यावे.)

७८ फेऱ्यांच्या तबकडीची गोष्ट वेगळी. तिची चर एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी घसरत राहते, आणि ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपी संपलीच. दोन्ही प्रकार घरात असतील तर थोडे पैसे साठवून त्याच कंपनीची व्हीएम ९५ मालिका घ्यावी. तिचे अंग एकच, सुई ओढून बदलता येते. ७८ साठी एसपी नावाची सुई मिळते. मात्र तिला दाब पाच ग्रॅम लागतो, म्हणून सुई बदलली की वजनही बदलावे. ७८ ची तबकडी स्पिरिटने कधीच पुसू नये. ती लाखेची असते, विरघळते.

बसवताना चार तारा तपासाव्यात: पांढरी-निळी डाव्या बाजूची, लाल-हिरवी उजव्या बाजूची. मग वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा करावा, आकडा शून्यावर आणावा आणि तिथून कंपनीने सांगितलेला दाब द्यावा. आर्मवर नाणे चिकटवण्याचा जुना उपाय करू नये. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा मिळाला तर उत्तम.

नवी सुई बसली की पहिल्याच दिवशी प्रत्येक तबकडीची मोबाइलवर किंवा संगणकावर नक्कल घेऊन ठेवावी. जयंतीच्या मंडपात नक्कल वाजवावी, तबकडी घरी राहू द्यावी. आमच्या ईपीची नक्कल आम्ही घेतली आहे. नव्या सुईने ढोलकी स्वच्छ वाजते, कोरसातला एकेक आवाज वेगळा कळतो. पहिल्या अंतऱ्यावरची खरखर मात्र तशीच आहे.