दूरशिक्षणांतील ‘दूर’ म्हणजे काय?

सन २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें शाळा-कॉलेजें बंद झालीं, आणि घरोघरीं मुलें मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यापुढें बसून धडे घेऊं लागलीं. त्या अनुभवावरून पुष्कळ पालकांनीं ऑनलाइन शिक्षणाविषयीं कायमचा प्रतिकूल ग्रह करून घेतला. तो स्वाभाविक असला तरी न्याय्य नव्हे. वर्गासाठीं आंखलेला पाठ एका रात्रींत पडद्यावर नेणें, यास चार्ल्स हॉजेस आदि अमेरिकन अभ्यासकांनीं त्याच महिन्यांत ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ असें निराळें नांव दिलें. विद्यार्थी दूर आहे हें धरूनच ज्याची प्रथमपासून आंखणी होते, तेंच खरें दूरशिक्षण. पुराच्या दिवशीं नावेंतून बाजारहाट केली, म्हणून कांहीं नौकानयनाची परीक्षा होत नाहीं.

या शिक्षणाचा आरंभ टपालाच्या थैलींत झाला. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें, तेव्हां आयझॅक पिटमन यानें आपल्या लघुलिपीचे धडे टपालानें देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्यानें बायबलांतील उतारा त्या लिपींत लिहून धाडावा, व तो दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत यावा, असा क्रम होता. महत्त्व आहे तें या परत येण्याला. लंडन विद्यापीठानें १८५८ पासून वर्गांत न बसलेल्यांसही परीक्षेचें द्वार खुलें केलें, ही मोठी गोष्ट खरी. परंतु ती परीक्षेची सोय होती, अध्यापनाची नव्हे. महाराष्ट्रांत ‘बाहेरून’ परीक्षेस बसणाऱ्या असंख्य लोकांची गतही पुष्कळदां तीच झाली: गाईड मिळालें, गुरु मिळाला नाहीं.

‘दूर’ आणि ‘मुक्त’ हे शब्द एकाच अर्थानें वापरले जातात, पण ‘दूर’ हें शिकविण्याच्या पद्धतीचें विशेषण आहे, तर ‘मुक्त’ हें प्रवेशाच्या अटींचें. पत्रद्वारा शिकविणारें विद्यापीठ बारावीच्या गुणांवर अडून बसलें, तर तें दूर खरें, पण मुक्त नव्हे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनें १९७१ सालीं पहिले विद्यार्थी घेतले, ते पूर्वशिक्षणाचा दाखला न मागतां. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नांवांतील ‘मुक्त’ हा शब्दही त्याच परंपरेंतला. त्याची स्थापना १९८९ सालची.

तथापि या क्षेत्रांतील सर्वांत उद्बोधक कल्पना मायकेल मूर या अभ्यासकाची आहे. १९७० नंतरच्या दशकांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, शिक्षणांतील अंतर मैलांनीं मोजावयाचें नसून समजुतीच्या दुराव्यानें मोजावयाचें असतें. शिक्षक-विद्यार्थी संवाद थोडा आणि अभ्यासक्रमाची रचना ताठर, तेथें हें अंतर वाढतें. आणि तें जितकें मोठें, तितकी विद्यार्थ्याच्या अंगीं स्वतःच्या बळावर शिकण्याची शक्ति अधिक लागते. या मापानें पाहतां, दीडशें मुलांच्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसून वर्षभर एकही प्रश्न न विचारलेला मुलगा शिक्षकापासून फार दूर असतो. उलट गडचिरोलीकडील एखादी परिचारिका आपला स्वाध्याय पाठविते, आणि समासांत शेरे लिहिलेला तो कागद तिला आठवड्याभरांत परत मिळतो. ती जवळ असते. म्हणूनच दूरशिक्षणाचें पुस्तक साध्या क्रमिक पुस्तकाहून वेगळें असावें लागतें. स्वीडनमधील बोर्ये होल्मबर्ग यांच्या मतें तें मार्गदर्शनपर संभाषणासारखें असावें: पुस्तकानें विद्यार्थ्यास उद्देशून बोलावें, मध्येंच थांबवून प्रश्न विचारावा. तेवढ्यानें न भागल्यास संपर्कसत्रें असतात, आणि तेथें शंकानिरसनासाठीं समंत्रक असतो, निदान असावा.

इंटरनेटमुळें टपालाचा विलंब गेला, मूळ प्रश्न गेला नाहीं. ठराविक वेळीं सर्वांनीं हजर राहावयाचें, तो एककालिक वर्ग. ध्वनिचित्रफीत सवडीनें पाहावयाची व शंका लिहून ठेवावयाची, तें भिन्नकालिक शिक्षण. दिवसा नोकरी करणाऱ्यास बहुधा दुसरेंच परवडतें. २००८ सालीं कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमास फी भरणारे विद्यार्थी सुमारें २५ होते, आणि इंटरनेटवरून विनामूल्य सामील झालेले २,००० हून अधिक. अशा विराट, खुल्या अभ्यासक्रमांस तेव्हांपासून त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. मराठींत या शब्दाचा अर्थ ‘न बोलणारा’ असा होतो हा केवळ योगायोग, पण अगदींच गैरलागू नव्हे. भारत सरकारच्या २०१७ मधील ‘स्वयम्’ योजनेंतही असेच अभ्यासक्रम आहेत. अशा अभ्यासक्रमांस आरंभ करणारे पुष्कळ, शेवटास पोंचणारे थोडे. पर्यायांवर खूण करावयाचीं उत्तरें यंत्र तपासतें. परंतु हजारों निबंध कोणीं वाचावे? कित्येक ठिकाणीं ते विद्यार्थ्यांनींच एकमेकांचे तपासावयाचे असतात.